भेगची बैठक

मला नांदायला पाठवण्यासाठी बैठक बसली, तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सासरच्यांची माझ्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती 'भेग'च्या चाहत्यांची.

'भेग' म्हणजे आमचा बँड. वरातीचा नव्हे, मेटलचा. करकरणारी गिटार, छातीत धडका देणारे ड्रम आणि त्यावर गाणारी मी. गाणारी म्हणजे घशाच्या तळातून गुरगुरणारी. नाव मीच दिलेलं. मी कोयनानगरच्या कॉलनीत वाढले. आमच्या क्वार्टरच्या भिंतीला भूकंपाची एक भेग होती. बाबा दर दिवाळीला ती सिमेंटने बुजवायचे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ती पुन्हा डोकं वर काढायची. सांगलीला इंजिनिअरिंगला गेले तिथे सौमित्र, गुंडा आणि मतीन भेटले. सौमित्रकडे गिटार होती, गुंडाकडे ड्रम. मतीनकडे बेस गिटार होती आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे माधवनगरात त्याच्या अब्बांची, बशीरचाचांची, यंत्रमागाची शेड होती. चोवीस माग खटाखटा चालू असताना आम्ही कोपऱ्यात जीव तोडून वाजवायचो, आणि शेजारपाजारची एक तक्रार नाही. पाच गाणी तिथेच मोबाइलवर रेकॉर्ड केली. त्यात पाठीमागून मागांचा आवाज येतो. पुण्यातल्या कुण्या जाणकाराने लिहिलं होतं की या बँडची इलेक्ट्रॉनिक तालयोजना अत्यंत निर्दयी आहे. बशीरचाचांना आम्ही ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "निर्दयी कशाला? ऑइलिंग राहिलंय."

२०१७च्या डिसेंबरात बँड मोडला. त्यानंतर तो लोकप्रिय झाला.

चालू होता तेव्हा कार्यक्रमाला चाळीस माणसं यायची, त्यातली चार स्पीकरवाल्याची. आता 'भेग परत पाहिजे' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनशे बारा जण आहेत आणि ते सगळेच्या सगळे तेव्हा पहिल्या रांगेत उभे होते. ग्रुपचा अॅडमिन बिराप्पा. कवठेमहांकाळला त्याचं गुरांच्या औषधांचं दुकान आहे. त्याने दंडावर आमची भेग गोंदवून घेतली आहे. गोंदणाऱ्याच्या कृपेने ती नदीच्या नकाशासारखी दिसते, त्यामुळे आईला त्याने ती अग्रणी नदी असल्याचं सांगून ठेवलंय. माउलीला कौतुक आहे.

या तीनशे बारा जणांचं कोणतं गाणं सर्वात भारी यावर कधी एकमत झालं नाही. एकमत एकाच गोष्टीवर: बँड मतीनने मोडला. मतीन गद्दार. सुरुवातीला कुणीतरी त्याच्या शेडच्या शटरवर काळ्या रंगाने तसं लिहूनही आलं. पुढे राजकारणात तो शब्द इतका स्वस्त झाला की येणाजाणाऱ्यांना वाटायचं, हे कुठल्यातरी आमदाराबद्दल आहे. मतीनने ते पुसलं नाही.

बँड मतीनने मोडला नव्हता. मी मोडला होता. हे मला माहीत होतं, मतीनला माहीत होतं आणि त्याची बहीण सबीना हिला माहीत होतं. सात वर्षं मी ग्रुपवर त्याला पडणाऱ्या शिव्या वाचत होते आणि खाली काही लिहीत नव्हते. आधी नवं लग्न होतं, मग दिवस राहिले, मग ठमी झाली. ठमी आठ महिन्यांची आहे. मांडीवर झोपली की हात अडकतो, त्यामुळे टाइप करता येत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. दुसरा हात मोकळा असायचा, हे सांगायचे नाही.

चाहत्यांनी आधी ऑनलाइन अर्ज केला होता. तीनशे बारा सह्या झाल्या. मग लक्षात आलं की तो नेमका द्यायचा कुणाला हे कुणालाच माहीत नाही. म्हणून शेवटी आपल्याकडे मोडलेलं जोडायची जी एकच खात्रीची पद्धत आहे, ती त्यांनी काढली: दोन्हीकडची माणसं, सतरंजी, एक म्हातारा आणि चहा.

"ताई, बैठक लावलीया," बिराप्पाचा फोन.

"कसली?"

"तुमचीच की. मानसिंग तात्यास्नी मदी घेतलंय. लय मोठा मानूस. आजवर चौतीस पोरी नांदाय पाठवल्यात त्येंनी, येक परत आली न्हाई."

"अरे, मी नांदतेय. साताऱ्यात. बऱ्यापैकी सुखाने."

"तसं न्हवं ओ. तात्या म्हनले, घर मोडू द्या न्हाईतर बँड मोडू द्या, परकरन येकच. फकस्त येक अट हाय. परत्येकानं घरचं येक वडीलधारं मानूस आनायचं."

"ते कशाला?"

"तरनी मानसं उठून जात्यात. घरचं मानूस शेजारी असलं की बूड टेकून ऱ्हात्यात."

माझे बाबा आता कोयनानगर सोडून कुठे जात नाहीत. नवऱ्याची, चिंतामणची, लोणंदला कंपनीत शिफ्ट. उरल्या सासूबाई. त्यांना सांगितलं, कॉलेजच्या गाण्याच्या ग्रुपची मंडळी कराडला भेटतायत. त्यांनी बेसनाच्या वड्या करून घेतल्या.

एसटीत म्हणाल्या, "कसली गाणी म्हणायचा गं तुम्ही? भक्तिगीतं?"

"देवाचा उल्लेख असायचा कधी कधी," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. कुठल्या संदर्भात, ते त्यांनी विचारलं नाही.

सातारा आणि सांगलीच्या मध्ये कराड, म्हणून बैठक कराडला. पितृपक्षामुळे मंगल कार्यालय रिकामं होतं. पितृपक्षात कसं बसायचं, असं कुणीतरी विचारलं, तर तात्यांनी निकाल दिला होता, "सोयरीक न्हाई, तंटा हाय. तंट्याला मुहूर्त लागत न्हाई."

हॉलमध्ये शिरलो तर कवट्यांचे काळे टीशर्ट घातलेली अठरा पोरं अदबीने चहाचे कप वाटत होती. तीनशे बारापैकी अठरा आली होती. बाकीच्यांचं मनाने तिथेच असल्याचं ग्रुपवर आलं होतं. सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "ही पोरं केटरिंगची का?"

सौमित्र आता स्पर्धा परीक्षांचा क्लास घेतो. तो काकांना घेऊन आला होता. गुंडा बँजो पार्टीत वाजवतो, म्हणजे आमच्यातला तो एकटाच अजून वाजवतो आणि चाहते त्याच्याबद्दलच सर्वात जास्त हळहळतात. तो पार्टीच्या मालकाला घेऊन आला होता. आणि खिडकीजवळ, थोडा बाजूला, मतीन. माग भंगारात गेले. त्याच शेडमध्ये तो आता अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करतो. दाढीत दोन-चार पांढरे केस. शेजारी त्याची अम्मी, मदिनाबी. बशीरचाचा मागच्या वर्षी गेले. मला सबीनाच्या स्टेटसवरून कळलं होतं. मी हात जोडलेली चित्रं पाठवली होती, दोन.

मदिनाबींच्या पाया पडायला वाकले तेवढ्यात कडेवरच्या ठमीने सूर लावला. त्यांनी हात पुढे केले आणि तिला उचलून घेतलं. ठमी गप्प. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "आई झालीस, कळवलं न्हाईस. कळवायची सवयच न्हाई तुला, व्हय का?"

मी सतरंजीवर येऊन बसले. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"बाळ गोड आहे म्हणाल्या."

मानसिंग तात्यांनी टोपी सारखी केली. "हां. पोरगं कोन, पोरगी कोन?"

"तात्या, चार हायती," बिराप्पा म्हणाला.

"चौघांचा संसार?" तात्यांनी चौघांकडे एकेक करून बघितलं. "आसूंदे. आपन लय बगितलंय. पोरीकडनं कोन?"

सासूबाईंनी भोळेपणाने हात वर केला. त्या क्षणापासून त्या तात्यांच्या 'विहीणबाई' झाल्या.

"नांदत का न्हाई तुमी?"

सौमित्रने घसा साफ केला. "याची प्रामुख्याने चार कारणं सांगता येतील."

"येक सांग."

एकच सांगायची त्याला सवय नव्हती, तो बसला. गुंडा म्हणाला, "माझं काय न्हाई तात्या. कवाबी बोलवा. फकस्त लगीनसराई सोडून."

मग बिराप्पा उठला. त्याने बहुधा भाषण पाठ केलं होतं, कारण मध्येच तो शुद्ध बोलायचा. "तात्या, सांगलीत आमचा सर्वात मोठा कार्यक्रम होता. येकशे धा मानसं. दोन तास ताटकळत. ताई आत तयार बसल्यात आसं आमाला वाटतंय. आन् ह्यो," त्याने मतीनकडे बोट केलं, "ह्यो माईकवर आला आन् म्हनला, माझ्यामुळं कार्यक्रम रद्द, मी बँड सोडतो. त्या दिवसापासून आमचं जीवन उद्ध्वस्त झालं."

"कुनाचं?"

"आमचं. चाहत्यांचं."

मागच्या रांगेतून 'गद्दार' असं दोन-तीनदा ऐकू आलं. ट्रे हातात असल्यामुळे त्यात जोर नव्हता.

"का सोडलास रं?" तात्यांनी मतीनला विचारलं.

"जमलं नाही."

"येवडंच?"

"एवढंच."

तात्यांनी मांडी बदलली. "बैठकीत जो कारन सांगत न्हाई, त्येची चूक धरायची, ह्यो आपला नेम. मतीन, उठ. ह्या पोरांचं मन दुखावलंस. सगळ्यांच्या म्होरं हात जोड, माफी माग, म्हंजी म्होरचं बोलता येतंय."

मला वाटलं तो उठून निघून जाईल. त्याने घड्याळ बघितलं. "मागतो ना. संपवा एकदाचं. चारला इस्लामपूरला खिडक्या बसवायच्यात." आणि खरंच गुडघ्यावर हात टेकून तो उठायला लागला.

अठरा पोरं चहा थांबवून बघत होती. मदिनाबी ठमीच्या पाठीवर थोपटत होत्या, जरा जास्तच जोरात. सासूबाई शेजारच्या काकांना वडीचा डबा पुढे करत होत्या. आणि मला एवढंच कळत होतं, की हा माणूस उभा राहिला आणि त्याचे हात जुळले की मग मला आयुष्यात कधीही काही बोलता येणार नाही.

"मतीन, बस," मी म्हटलं. "बँड त्याने नाही मोडला, तात्या. मी मोडला."

बिराप्पा हसला. "ताई, तुमी मोठ्या मनाच्या..."

"गप रे. मी आत तयार बसलेलीच नव्हते. मी सांगलीतच नव्हते. कोयनानगरला होते. मला बघायला आले होते त्या दिवशी." मी सासूबाईंकडे बघितलं. "ह्या आल्या होत्या."

सासूबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. "आम्ही? त्या दिवशी?"

"पोहे छान झालेत म्हणालात, तेव्हा इकडे लोक माझ्या नावाने ओरडत होते. मी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला होता. बँडमधल्या कुणाला सांगितलंही नाही. येणार नाही एवढंसुद्धा नाही. एकट्या सबीनाला, मतीनच्या बहिणीला, माहीत होतं, तिने शेवटी त्याला सांगितलं. तुमची माणसं सांगलीत आहेत. मुलगी कुठे गेली म्हणून चौकशी झाली असती, नाव फिरलं असतं, तर तुमच्यापर्यंत पोचलं असतं. म्हणून आमचं भांडण झालं असं सौमित्र-गुंडालाही सांगून तो माईकवर गेला आणि स्वतःवर घेतलं. मी नंतर त्याला फोन केला नाही. सात वर्षं. सोयीचं होतं मला."

बोलून झाल्यावर कळलं की माझा आवाज अगदी नेहमीचा, भाजीवाल्याशी बोलतानाचा होता. एवढ्या वर्षांनी निदान थोडा कापेल असं वाटलं होतं.

सासूबाईंनी आधी भलतंच विचारलं. "तू गायचीस तरी काय असं?"

बिराप्पाच्या मोबाइलवर ते अर्थातच पहिल्या पानावर होतं. त्याने लावलं. मंगल कार्यालयात अर्धा मिनिट माझी गुरगुर घुमली. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मान वगैरे न हलवता.

"ही तू?"

"हो."

"घशाला काही झालं होतं का?"

"नाही. असंच गायचं असतं."

"ह्ये गानं हाय?" तात्यांनी बिराप्पाला विचारलं.

"व्हय तात्या."

"बरं," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पाणी मागवलं.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तेव्हा सांगितलं असतं तर पसंत केलं असतं तुम्ही मला?"

त्यांनी विचार केला. दुसरं कुणी असतं तर 'अगं, असं कसं' म्हणालं असतं.

"नसतं केलं," त्या म्हणाल्या. "पोहे अर्धे टाकून उठलो असतो." मग त्यांनी मदिनाबींच्या मांडीवरच्या ठमीकडे बघितलं आणि त्यांना एकदम रागच आला. "खोटं बोलून आलीस, ती आलीस. ते आपण घरी बघू. पण दुसऱ्याच्या पोराला सात वर्षं शिव्या खायला लावल्यास तू. तुला घास कसा गेला गं?"

घास व्यवस्थित जात होता.

एव्हाना मागच्या रांगेत नवी चर्चा सुरू झाली होती. "म्हंजी गद्दार ताई हायत व्हय?" "तसंच की मग." "मग ताई सोडून करूया की. दुसरी व्होकल बगू." "इचलकरंजीत येकजन लय भारी वरडतो." ज्या आवाजासाठी ही पोरं सात वर्षं रडत होती, त्या आवाजाशिवाय पुनर्मीलन कसं झकास होईल, हे दोन मिनिटांत ठरत आलं. दंडावरच्या अग्रणी नदीवर बिराप्पाने नकळत हात ठेवला होता. त्याचं तेवढं वाईट वाटलं.

"ए, चहा बगा चहा," तात्या गरजले. "मानूस बदललं, निवाडा न्हाई बदलत. मतीन, आता तू सांग. हिनं काय करायचं?"

मतीनने खिडकीच्या चौकटीकडे बघितलं. ती नीट बसली नव्हती. मग म्हणाला, "इथे अठरा आहेत. शिव्या तीनशेंनी दिल्या. ग्रुपवर लिही."

मी मोबाइल काढला. ठमी मदिनाबींकडेच होती. दोन्ही हात मोकळे होते. लिहिलं: 'त्या दिवशी कार्यक्रमाला मी आले नाही. बँड मतीनमुळे मोडलेला नाही. कृपया नोंद घ्यावी.' पाठवलं. हॉलमध्ये एकामागोमाग एक अठरा मोबाइल वाजले. पोरांनी ट्रे खाली ठेवून आत्ताच कानांनी ऐकलेलं डोळ्यांनी वाचलं आणि तेव्हा कुठे त्यांचे चेहरे पडले.

मतीन त्याच्या मोबाइलकडे बघत होता. तो वाजला नाही.

"आवं, ह्येला काढलाय न्हवं का ग्रुपमदनं, मागंच," बिराप्पा म्हणाला. "थांबा, घेतो." त्याने मतीनला परत घेतलं. त्याच्या मोबाइलवर ग्रुप उघडला, कवटी दिसली, खाली सगळं कोरं. आधीचं काही नव्या माणसाला दिसत नाही. सात वर्षांच्या शिव्याही नाहीत आणि माझ्या तीन ओळीही.

मतीनने मोबाइल माझ्याकडे धरून दाखवला. "परत लिही."

पहिल्यांदा लिहिताना मला तीनशे बारा जण दिसत होते. आता एकच दिसत होता, आणि तो समोर बसला होता, पाच फुटांवर. अंगठा चालेना. सौमित्रने काहीतरी सुचवायला तोंड उघडलं. गुंडाने त्याच्या मांडीवर हात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "लिही."

'मतीन, मी आले नाही. तुला फोन केला नाही. चाचा गेले तेव्हाही आले नाही. माझं चुकलं.'

या वेळी त्याचा मोबाइल वाजला. त्याने वाचलं. एवढंसं वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून खूप जास्त वेळ लागला. मग त्याने अंगठ्याने काहीतरी केलं आणि बिराप्पाने मोबाइल बघून सांगितलं की मतीन ग्रुपमधून बाहेर पडला.

"माझं झालं, तात्या," तो उठला. मदिनाबींनी ठमीला माझ्या मांडीवर ठेवलं, तिच्या झबल्याची वर सरकलेली कड खाली ओढली आणि तिच्या पायातला निसटू आलेला मोजा नीट घातला.

"आरं पन जोडायचं का न्हाई मग?" बिराप्पा कळवळून म्हणाला. "तात्या?"

तात्यांच्या चौतीस प्रकरणांत असा प्रश्न कुणी विचारला नसावा. ते म्हणाले, "पानी पी."

दारातून मतीन परत वळला. "गुरुवारी दुपारी मी खिडक्या बसवायला जात नाही. चारला शेडमध्ये असतो," तो मला म्हणाला. "चार म्हणजे चार. पाच मिनिटं वाट बघीन. त्या दिवशी दोन तास बघितली होती."

आणि तो गेला.

परतीच्या एसटीत सासूबाई माझ्या शेजारी, पण तोंड खिडकीकडे करून बसल्या. ठमी त्यांच्या मांडीवर, तोंडात वडीच्या डब्याचं झाकण. उंब्रजच्या थांब्यावर गाडी उगाच दहा मिनिटं उभी राहिली. त्यांनी खिडकीतून ड्रायव्हर कुठे दिसतो का बघितलं, पदराने ठमीची लाळ पुसली आणि बाहेरच बघत म्हणाल्या, "गुरुवारी बाराची धरू नकोस. तिचा भरवसा नाही. अकराची धर."